लेपातलं तापमान, पण नेमकं कुठलं? प्रकल्पाच्या नोंदी

१९ ऑगस्ट २०२४

मंजुरीचं पत्र हातात आलं. काम थोडक्यात असं: गॅस टर्बाइनच्या पात्यांवर जो उष्णतारोधक लेप असतो, त्याच्या आत ठरावीक खोलीवर किती तापमान आहे ते प्रकाशाने मोजायचं. खरी पाती आमच्याकडे नाहीत आणि येणारही नाहीत. हॅस्टेलॉय एक्स या निकेलच्या मिश्रधातूच्या २५ मिमी व्यासाच्या, ३ मिमी जाडीच्या चकत्यांवर लेप मारून त्या ज्योतीसमोर धरायच्या, एवढीच आमची झेप.

लेप नेहमीचाच, यिट्रियाने स्थिर केलेला झिर्कोनिया. यिट्रिया वजनाने ७ ते ८ टक्के. सगळे वायएसझेड म्हणतात, मीही तेच म्हणेन. त्याखाली बाँड कोट, म्हणजे लेपाला धातूवर धरून ठेवणारा थर, त्याखाली मूळ धातू. आजच्या मोठ्या टर्बाइनमध्ये पहिल्या पात्यांवर येणारा वायू १५०० अंश सेल्सियसच्या वर असतो आणि निकेलचे सुपरअलॉय त्याच्या बरेच आधी वितळतात. आतून खेळवलेली हवा आणि बाहेरचा पाव मिलिमीटर लेप, या दोघांच्या जिवावर पातं टिकतं.

मग लेप कशाने जातो? बाँड कोटवर अॅल्युमिनाचा पातळ थर हळूहळू वाढत राहतो. तो काही मायक्रॉनचा झाला की ताण वाढतो आणि वरचा लेप पापुद्रे सुटावेत तसा सुटतो. या वाढीचा वेग तिथल्या तापमानावर घातांकी पद्धतीने अवलंबून असतो. म्हणून डिझाइन करणाऱ्याला लेपाच्या पृष्ठभागापेक्षा लेपाच्या तळाचं तापमान जास्त हवं असतं, आणि नेमकं तेच कोणाला नीट दिसत नाही. दिसत नाही म्हणून हातचं राखून डिझाइन करतात, जास्त हवा खेळवतात, आणि ती हवा शेवटी कार्यक्षमतेतूनच वजा होते.

२६ ऑगस्ट

मॅडमनी विचारलं, "पायरोमीटर का नाही?" पायरोमीटर म्हणजे वस्तूच्या झळाळीवरून दुरूनच तापमान सांगणारं यंत्र. समितीसमोर हाच प्रश्न येणार, म्हणून उत्तर लिहून ठेवते.

वायएसझेड साधारण ५ मायक्रॉन तरंगलांबीपर्यंत अर्धपारदर्शक असतो. टर्बाइनमध्ये बसवलेले पायरोमीटर बहुतेक १ मायक्रॉनच्या आसपास बघतात. म्हणजे त्यांना लेपाच्या पोटातून आलेला प्रकाश दिसतो, ज्योतीचा लेपावरून परावर्तित झालेला प्रकाशही दिसतो, आणि दोन्ही मिळून एकच आकडा हातात येतो. १० मायक्रॉनच्या पुढे लेप अपारदर्शक होतो. तिथला पायरोमीटर पृष्ठभागाचं तापमान बऱ्यापैकी सांगतो, पण फक्त पृष्ठभागाचं. थर्मोकपल, म्हणजे दोन धातूंच्या तारा जोडून केलेला तापमापक, वापरावा तर त्याची तारच लेपापेक्षा जाड. रंग बदलणारे थर्मल पेंट स्वस्त आणि भरवशाचे, पण ते फक्त कमाल तापमान सांगतात, तेही इंजिन उघडल्यावर.

आमची पद्धत: लेपातच थोडं दुर्मीळ मृदा मूलद्रव्य मिसळायचं, त्यावर लेसरचा एक स्पंद टाकायचा आणि उमटलेली चमक किती वेळात विझते ते मोजायचं. तापमान वाढलं की चमक लवकर विझते. चमक किती प्रखर आहे याला महत्त्व नाही, त्यामुळे काच काजळली किंवा लेसर जरा मंदावला तरी बिघडत नाही. लेपालाच संवेदक करण्याची ही कल्पना लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये फाइस्ट आणि हेज यांनी पुढे नेली. नासाच्या ग्लेन केंद्रात एल्ड्रिज यांनी लेपाखाली पुरलेल्या थरातून, वरच्या साध्या लेपाच्या आरपार, तापमान मोजून दाखवलं. पुढे रोल्स-रॉइसच्या व्हायपर या जुन्या जेट इंजिनावरही असा संवेदक लेप चालवून पाहिला गेला. त्यामुळे हे होतं का, असा आमचा प्रश्न नाही. मिळालेला आकडा लेपाच्या कुठल्या खोलीचा, हा आमचा प्रश्न आहे.

२ सप्टेंबर

लेपात कुठलं दुर्मीळ मृदा मूलद्रव्य मिसळायचं, युरोपियम की डिस्प्रोसियम? डिस्प्रोसियम ठरलं.

कारण गरम वस्तू स्वतःच चमकते. वायएसझेडमधलं युरोपियम ६०६ नॅनोमीटरला नारिंगी-लाल प्रकाश देतं आणि भट्टीची आपली झळाळी त्याच बाजूला जोरात असते. डिस्प्रोसियमच्या दोन रेषा: ४८३ ला निळी, ५८३ ला पिवळी. गरम वस्तू कुठल्या रंगात किती चमकते ते सांगणाऱ्या प्लँकच्या सूत्रात आकडे घालून पाहिले. १२०० केल्विनला, म्हणजे सुमारे ९२७ अंशांना, ५८३ वरची औष्णिक झळाळी ४८३ वरच्या झळाळीच्या २५ पटींहून जास्त भरते. पिवळी रेषा खोलीच्या तापमानाला छान दिसते म्हणून तिच्या मोहात पडायचं नाही. मोजायचं निळ्यावर.

मर्यादाही आताच लिहून ठेवते. साधारण ६०० अंशांच्या खाली डिस्प्रोसियमचा विझण्याचा काळ जवळपास सपाट राहतो, तिथे हा संवेदक मुका. आमचं काम ८०० ते १००० च्या पट्ट्यात असल्याने चालेल.

२३ सप्टेंबर

विसर्जन आटोपलं, लोक परत कामाला लागले. पावडर आली. डिस्प्रोसियमचं प्रमाण एका टक्क्याच्याही खाली ठेवलंय, म्हणजे लेपाच्या टिकाऊपणात ढवळाढवळ नको. दाणे गोळे करून भाजलेले आहेत. हे महत्त्वाचं, कारण रासायनिक पद्धतीने बनलेली मैद्यासारखी पावडर स्प्रे गनच्या नळीतून वाहतच नाही, तुंबते. चाळून मधल्या आकाराचे दाणे घेतले, बारीक भुकटी बाजूला काढली.

१४ ऑक्टोबर

भोसरीला स्प्रे वर्कशॉपमध्ये दिवस गेला. दसऱ्याचा झेंडूचा हार अजून कंट्रोल पॅनेलवर होता. गनवरचा मात्र काढला होता, साहजिकच.

ऑपरेटर काकांनी पावडरची बरणी उचलून पाहिली आणि म्हणाले, "ताई, एवढीच? यातली निम्मी तर फीडरच्या तळाशीच राहील." मग त्यांनीच तोड काढली. लहान हॉपर लावला, आधी साध्या वायएसझेडवर गनची सेटिंग बसवून घेतली, मगच आमची पावडर घातली. आधी अॅल्युमिनाच्या ग्रिटने ब्लास्टिंग, म्हणजे कणांच्या माऱ्याने चकती खडबडीत करणं, मग १०० मायक्रॉन बाँड कोट, मग लेप. ब्लास्टिंग झालेल्या चकतीला कोणी बोट लावू नये म्हणून काका स्वतः राखण करत उभे होते.

दोन प्रकारच्या चकत्या करून घेतल्या. पहिल्या प्रकारात सगळा २५० मायक्रॉन लेप डिस्प्रोसियमवाला. दुसऱ्यात तळाचे ५० मायक्रॉन डिस्प्रोसियमवाले आणि वर २०० मायक्रॉन साधा लेप. ५० मायक्रॉन म्हणजे गनच्या मोजक्याच फेऱ्या. त्या मोजण्याचं काम काकांनी तोंडाने आकडे म्हणत केलं, पॅनेलवरच्या काउंटरवर त्यांचा विश्वास नाही.

काम झाल्यावर ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च फीडरवर मारला. कानाकोपऱ्यात पिवळसर पांढरे ठिपके चमकले. काका क्षणभर बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आजवर एकाची पावडर दुसऱ्याच्या जॉबमध्ये किती गेली असेल!" हॉपर पुन्हा उघडून साफ केला.

२४ ऑक्टोबर

गुरुवार, वीज नाही. भट्टी बंद, म्हणून लिहिण्याचं काम.

चकत्या वर्कशॉपमधून आल्या तेव्हा राखाडी होत्या. स्प्रे गन ज्या प्लाझ्माच्या झोतात पावडर वितळवते, त्यातल्या हायड्रोजनमुळे झिर्कोनियातला थोडा ऑक्सिजन निघून जातो, त्याचा हा रंग. हवेत भाजल्यावर पांढऱ्या झाल्या. रंगाबरोबर चमकेचा विझण्याचा काळही बदलतो. म्हणून जी चकती ज्योतीसमोर जाणार, ती कॅलिब्रेशनच्या, म्हणजे कुठल्या तापमानाला चमक किती वेळात विझते हे भट्टीत ठरवण्याच्या, आधीच भाजून घ्यायची. नाहीतर प्रयोग चालू असतानाच संवेदकाचा स्वभाव बदलत राहील.

एक चकती कापून, रेझिनमध्ये बसवून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. प्लाझ्मा स्प्रेची नेहमीची रचना: चपट्या थेंबांच्या थप्प्या, मधे आडव्या भेगा, पोकळ्या. या भेगांमुळेच लेपातून उष्णता कमी वाहते, आणि याच भेगा आमचा प्रकाश इकडेतिकडे विखुरतात. डिस्प्रोसियमवाला थर सरळ रेषेत नाही. ब्लास्टिंगने खडबडीत झालेल्या बाँड कोटच्या खाचाखोचा भरत तो वरखाली गेलाय. "तळाचे ५० मायक्रॉन" हे सरासरीने खरं.

११ नोव्हेंबर

दिवाळीनंतर कॅलिब्रेशन सुरू. नळीच्या भट्टीत चकती, तिला टेकवलेलं एस प्रकारचं थर्मोकपल, समोरच्या खिडकीतून ३५५ नॅनोमीटरचा लेसर. सेकंदाला १० स्पंद, प्रत्येक स्पंद काही नॅनोसेकंदांचा. के प्रकारचं थर्मोकपल स्वस्त आहे, पण १००० अंशांच्या आसपास जास्त वेळ ठेवलं की सरकतं. कॅलिब्रेशनला तरी ते नको.

भट्टीच्या डिस्प्लेवरचा आकडा स्थिर झाला म्हणजे चकती स्थिर झाली असं नाही. चकतीला टेकलेलं थर्मोकपल जेव्हा हलायचं थांबेल, तेव्हाच मोजमाप.

२ डिसेंबर

डिटेक्टरच्या शेवटी लावायचा रोध हा दिसायला क्षुल्लक मुद्दा. ज्युनिअर मुलाने विचारलं की ऑसिलोस्कोपचा १ मेगाओमचा इनपुट थेट का वापरायचा नाही, सिग्नल किती मोठा दिसतो! त्याला हिशेब करायला लावला. एक मीटर कोअॅक्सियल केबलची धारिता सुमारे १०० पिकोफॅरड. १ मेगाओम गुणिले १०० पिकोफॅरड म्हणजे १०० मायक्रोसेकंद. ९०० अंशांच्या पुढे चमक त्याच्या कितीतरी आधी विझते. तेव्हा स्कोपवर दिसेल तो केबलचा विझण्याचा काळ, लेपाचा नाही. वक्र गुळगुळीत, सुंदर आणि पूर्ण खोटा. १ किलोओमला हाच काळ ०.१ मायक्रोसेकंदावर येतो. सिग्नल लहान होतो, पण खरा असतो. त्याने वहीत चौकट करून लिहून घेतलं.

दुसरी चाचणी प्रत्येक तापमानाला करतो: लेन्ससमोर करडा फिल्टर धरून प्रकाश निम्मा करायचा. विझण्याचा काळ तोच आला तर डिटेक्टर सरळ चाललाय. बदलला तर फोटोमल्टिप्लायर, म्हणजे आमचा प्रकाश टिपणारा डिटेक्टर, भारावलाय, व्होल्टेज कमी करायचं.

१६ डिसेंबर

कॅलिब्रेशनचा वक्र पूर्ण. दोन्ही प्रकारच्या चकत्यांचे वक्र एकमेकांवर बसतात. बसायलाच हवेत, कारण भट्टीत सगळा लेप एकाच तापमानाला असतो. थर कुठे आहे याने फरक पडू नये.

वक्रातला कुठला भाग घेऊन काळ काढायचा, यावर मात्र बराच खल झाला. अगदी सुरुवातीचा भाग टाकावा लागतो. त्यात लेसरचा विखुरलेला प्रकाश आणि पावडरमधल्या अशुद्धींची झटपट चमक असते. अगदी शेवटचा भाग गोंगाटात बुडतो. मधला जो कालावधी उरतो त्याला आम्ही खिडकी म्हणतो. ती पुढेमागे सरकवून पाहिली. भट्टीतल्या मोजमापांत खिडकी कुठेही ठेवली तरी तापमानात एकदोन अंशांपलीकडे फरक नाही. हे मुद्दाम नोंदवून ठेवते, पुढे लागणार.

६ जानेवारी २०२५

ज्योतीचा रिग उभा राहिला. समोरून ऑक्सिजन-प्रोपेनची ज्योत, मागून दाबाची हवा. चकतीत बाजूने १ मिमीची दोन भोकं पाडून के प्रकारची दोन थर्मोकपल बसवली: एक लेपाकडच्या पृष्ठभागापासून ०.८ मिमीवर, दुसरं २.२ मिमीवर. भोकं एकामागे एक येऊ नयेत म्हणून कोनात पाडली, नाहीतर पुढचं भोक मागच्याची उष्णता अडवतं. दोन्ही तारा एकाच रिळातल्या, आणि आधी भट्टीत शेजारी ठेवून जुळवून घेतल्या. दोघांतल्या फरकावरून उष्णतेचा प्रवाह काढायचा आहे, आणि तो फरक जेमतेम २०-२२ अंशांचा. अख्ख्या साखळीतली सर्वांत कच्ची कडी हीच, हे मॅडमना सांगून ठेवलंय.

प्रवाह आला सुमारे ०.४ मेगावॉट प्रति चौरस मीटर. लेपाची उष्णतावाहकता १ वॉट प्रति मीटर केल्विन धरली, तर दर मायक्रॉनला ०.४ अंश. २५० मायक्रॉनच्या लेपात वर आणि खाली १०० अंशांचा फरक! भाकरी तव्यावर असताना तिचं तापमान किती, असं विचारण्यासारखंच आहे हे. कुठल्या बाजूचं ते आधी सांगा.

ज्योतीच्या स्वतःच्या प्रकाशाची भीती होती. कार्बनच्या रेणूचे निळे-हिरवे पट्टे ४७३, ५१६ आणि ५६३ नॅनोमीटरला. पैकी ४७३ चा पट्टा आमच्या रेषेच्या जवळचा, पण तो कमी तरंगलांबीच्या बाजूला ओसरतो, आणि आमचा फिल्टर ४७८ ते ४८८ मधलाच प्रकाश सोडतो. सुटलो. पिवळी रेषा निवडली असती तर सोडियमच्या ५८९ शी रोज झटापट करावी लागली असती. हवेतली धूळ, हाताच्या घामाचं मीठ, सगळं ज्योतीत पिवळं होऊन दिसतं.

१७ जानेवारी

आजची नोंद सविस्तर, कारण प्रकल्पाचा गाभा आज हाती आला.

पूर्ण डिस्प्रोसियमवाली चकती ज्योतीसमोर. लांब तरंगलांबीचा पायरोमीटर पृष्ठभागावर. सगळं स्थिर झाल्यावर चमकेचे वक्र नोंदवले आणि नेहमीच्या खिडकीतून तापमान काढलं. पृष्ठभाग आणि धातू यांच्या मधलं काहीतरी आलं. छान, विश्वासार्ह दिसणारा आकडा. असाच आकडा लेखात छापला जातो.

मग खिडकी सरकवली. लवकरच्या खिडकीतून आलेलं तापमान वरचं, उशिराच्या खिडकीतून आलेलं खालचं, दोघांत ४० अंशांहून जास्त तफावत. तीच चकती, तोच लेसर स्पंद, तोच वक्र.

कारण कागदावर साधं आहे. वरचा गरम भाग झटपट विझतो, खालचा थंड भाग सावकाश. सुरुवातीला सगळे बोलत असतात, त्यात गरम थरांचं वजन असतं. उशिरा फक्त थंड थर उरलेले असतात. त्यातच लेसर खाली जाताना विखुरत क्षीण होतो, त्यामुळे वरच्या थरांना मुळातच जास्त प्रकाश मिळतो. एकाच वक्रात अनेक तापमानं, आणि आपण त्याला एकच काळ चिकटवतो.

मॅडम आधी म्हणाल्या की डिटेक्टर तपासा. करडा फिल्टर लावून पाहिला, काही बदललं नाही. ज्योत विझवून तीच चकती भट्टीत घातली. खिडकी सरकवली तरी तापमान जागचं हललं नाही. म्हणजे दोष यंत्राचा नाही. लेपातला तापमानाचा उतारच वक्रात उमटलाय.

माझं मत: ज्याने पूर्ण लेपात फॉस्फर, म्हणजे डिस्प्रोसियमसारखा चमकणारा पदार्थ, मिसळून ज्योतीसमोर किंवा इंजिनात मोजमाप केलं, त्याने खिडकी सरकवून काय होतं ते दाखवल्याशिवाय दशांशातली अचूकता सांगू नये. उलट बाजूने पाहिलं तर हीच तफावत उपयोगाची. खिडकीनुसार तापमान हलतंय एवढ्यावरूनच लेपात उतार आहे हे कळतं, आणि लेप निखळू लागला, खाली हवेची फट पडली, तर उतार बदलून हे हलणंही बदलेल.

३ फेब्रुवारी

आज तळाशी थर असलेली चकती. वरच्या २०० मायक्रॉन साध्या लेपातून लेसर जाऊन चमक परत यायची, त्यामुळे सिग्नल बराच कमी. जास्त स्पंदांची सरासरी घेऊन भागवलं. एल्ड्रिज यांनी युरोपियमच्या पुरलेल्या थरासाठी ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर का घेतला असेल ते आज डोळ्यांनी पाहिलं: तरंगलांबी जास्त असेल तर विखुरणं कमी. डिस्प्रोसियमला ती सोय नाही.

खिडकी सरकवली. तफावत राहिली, पण अगदी थोडी. ५० मायक्रॉनच्या थरात हिशेबाने २० अंशांचा उतार आहेच, तो कुठे जाणार?

आता ताळा. ०.८ मिमीवरच्या थर्मोकपलपासून वर येताना धातूत सुमारे १३ अंश, बाँड कोटमध्ये तीनेक, थराच्या मध्यापर्यंत आणखी १०. म्हणजे चमकेचं तापमान थर्मोकपलपेक्षा २५ अंशांच्या आसपास वर यायला हवं. आलं. पृष्ठभाग आणि चमक यांच्यातला फरक २२५ मायक्रॉन गुणिले ०.४, म्हणजे ९० अंशांच्या जवळपास हवा. तोही त्याच घरात. पण वाहकता १ धरलीय ती मीच, आणि प्रवाहाच्या आकड्यात पाचवा हिस्सा चूक सहज बसते. म्हणून "जुळलं" एवढंच लिहायचं, "सिद्ध झालं" नाही.

१३ फेब्रुवारी

समितीची बैठक. एकाने विचारलं, फिरत्या पात्यावर जमेल का? फळ्यावर हिशेब केला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. जाळ्याला थेट जोडलेलं टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं. १ मीटर त्रिज्येवरचा बिंदू सेकंदाला ३१४ मीटर धावतो. चमक विझायला १० मायक्रोसेकंद लागले तर तेवढ्यात पातं ३ मिमी पुढे गेलेलं असतं. काही काळ थांबून उशिराची खिडकी घ्यायची म्हटलं, तर ठिपका लेन्सच्या टापूतूनच निसटतो. मग वक्र लवकर पडतो आणि तापमान खोटंच जास्त दिसतं. स्थिर पात्यांवर, म्हणजे नोझल गाइड व्हेनवर, ही अडचण नाही. आधी तिथे. समितीला पटलं, निदान कोणी पुढे विचारलं नाही.

२० फेब्रुवारी

पुढच्या चकत्यांची मागणी काकांना कळवली: तळाचा थर २५ मायक्रॉन, आणि एका जोडीत तोच थर तळाऐवजी बरोबर मध्यावर. फोनवर त्यांचं म्हणणं, "पंचवीस म्हणजे दोन फेऱ्या, ताई. त्यात सगळीकडे सारखा बसेलच असं नाही सांगू शकत." ब्लास्टिंग बारीक ग्रिटने करून खडबडीतपणा कमी करता येईल, पण मग बाँड कोट नीट धरणार नाही. बाँड कोटच बारीक पावडरने मारायचा आणि वरून हलकं घासायचं, असं सध्या ठरलंय. कापून बघितल्याशिवाय यातल्या कुठल्याच चकतीला ज्योत दाखवायची नाही.